गुडघा समिती

माणसाच्या इच्छाशक्तीपुढे हाडामांसाचं काही चालत नाही. हे वाक्य मी प्रथम ऐकलं ते आमच्या क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांच्या तोंडून, आणि ते उच्चारताना त्यांनी खिडकीचा गज दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. त्यांना गुडघेदुखी होती, खोलीत खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर प्लास्टरमधून नुकताच सुटलेला माझा डावा पाय ठेवलेला होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या नंदनवन वस्तीत तेव्हा निम्मे प्लॉट रिकामे होते आणि त्यांतल्या एकावर आम्ही कबड्डी खेळायचो. दिवसा मी कारकून होतो. ऑफिसात मला ‘ते आवक-जावकवाले’ म्हणत, आणि मी रजेवर गेलो तरी ते बरेचदा तसंच म्हणत राहत. संध्याकाळी मात्र मला एक गोष्ट येत होती. चढाईत समोरचा कोपऱ्यातला गडी माझ्या पायावर झेपावला, की मी डाव्या पायावर गर्रकन वळायचो आणि तो माती धरून बसायचा. त्या वळण्यासाठी लोक भाजीच्या पिशव्या खाली ठेवून थांबत. मला जगात आणखी कशासाठीही कोणी थांबलेलं आठवत नाही.

पाय गेला तो एखाद्या अटीतटीच्या सामन्यात नाही, साध्या सरावात, आजूबाजूला कोणी नसताना. मी वळलो, गुडघा वळला नाही. डॉक्टर म्हणाले, सांध्याच्या आतला बंध तुटलाय. त्यांनी तो शिवला, मांडीपासून खाली प्लास्टर घातलं, आणि ते कापलं तेव्हा आत माझी मांडी नव्हती. एखाद्या अशक्त शाळकरी पोराची मांडी चुकून तिथं ठेवल्यासारखी दिसत होती.

आमचा कप्तान भेटायला आला तेव्हा त्यानं मांडीकडे एकदाच पाहिलं.

“दिवाळीनंतर हुडकेश्वरवाल्यांशी म्याच हाय,” तो म्हणाला. “तोवर उभा झाला तं तूच जाशीन चढाईले. नाही तं मले दुसरा पोरगा घ्यावा लागन. वाईट नको मानू बे.”

मी वाईट मानलं. पण पाय खुर्चीवर असल्यानं ते दाखवता आलं नाही.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचं म्हणणं असं की शिवणीनं गुडघा फक्त जोडला जातो. त्याला धरून ठेवायचं काम मांडीचं, आणि मांडी ते काम विसरली आहे. पहिला व्यायाम असा : पाय सरळ ठेवायचा, मांडी आवळायची, म्हणजे गुडघ्याची वाटी वर सरकते. बस, एवढंच. मी दात आवळले, मुठी आवळल्या, भुवया आवळल्या. वाटी जागची हलली नाही.

हे अध्यक्षांच्या कानावर गेलं. जे काम एका माणसाला जमत नाही ते पाच जणांवर सोपवावं, या विचारानं त्यांनी आयुष्यभर संस्था चालवल्या होत्या. गुडघा माझा असला तरी चढाई मंडळाची आहे, असं सांगून त्यांनी एक गुडघा समिती नेमली. मी तिचा सदस्य नव्हतो. मला निमंत्रित म्हणून बसू देत. उठता येत नसल्यामुळे मी सगळ्या बैठकांना हजर असे.

पहिल्या बैठकीला पाच प्रौढ गृहस्थ माझ्या उघड्या मांडीभोवती बसले. अध्यक्ष म्हणाले, “आवळा.” मी आवळली. पाचही माना खाली वाकल्या.

“हलली!” एक जण म्हणाला.

“कुठं हलली गा? माशी बसली होती ते उडाली.”

“माशी हलली म्हणजे खालून काही तरी हललं असनच ना?”

चहा घेऊन आलेली आई दारातच थांबली. “काहून गा भाऊजी, तुम्ही सारेच्या सारे याच्या मांडीकडं काय पाहून राहिले?”

“वहिनी, निरीक्षण चालू आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“मांडी हाय ते. पाहाले काय हाय तिच्यात?”

शेवटी मतदान झालं. स्नायू हलला, असा ठराव बहुमतानं संमत झाला. आईनं विरोधात हात वर केला, पण तिला मताचा अधिकार नसल्याचं तिला सांगण्यात आलं. त्यावर ती चहाचा ट्रे घेऊन परत गेली. चहासकट.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात हा निकाल कळवला. बाईंनी मांडीवर दोन बोटं ठेवून पाहिलं.

“हलून नाही राहिली,” त्या म्हणाल्या.

“पण ठराव पास झालाय.”

“मग ठरावालेच घेऊन जा म्याचले.” मग माझं तोंड पाहून जरा मऊ झाल्या. “घाई नका करू. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आन् ती खाली दाबा. जोर नका लावू. फक्त दाबा.”

समिती जेवायला गेलेली असताना एका दुपारी मी टॉवेल दाबला आणि वाटी सरकली. अगदी थोडी, झोपेत कूस बदलावी तशी. मी आईला हाक मारली. तिनं वाकून पाहिलं, “हाव, हलली” म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावून पुन्हा भाकरीकडे गेली.

तिथून पुढं पाय आपल्या गतीनं चालू लागला. आईनं जुन्या पायजम्याच्या पायाची पिशवी शिवली, तिच्यात बांधकामावरची रेती भरली, आणि ती घोट्याला बांधून मी पाय उचलायला लागलो. मग जिने आले, अर्ध्या बैठका आल्या. बाई सारखं एकच सांगत : गुडघा बोटांच्या रेषेत ठेवा, आत नका पडू देऊ. मी ऑफिसात गुडघ्याकडे पाहत चालायचो. साहेबांना तो विनय वाटला.

शेवटी फळी आली. खाली लाकडाचा अर्धगोल ठोकलेली, डुगडुगणारी. तिच्यावर एका पायावर उभं राहायचं, म्हणजे पडता पडता सावरायचं गुडघ्याला पुन्हा कळतं. समितीनं आधी फळीची तपासणी करायचं ठरवलं. तपासणी अध्यक्षांनी स्वतः केली. फळी उत्तम होती. अध्यक्षांना दोघांनी धरून घरी नेलं. त्यांच्या घोट्यासाठी वेगळी समिती नेमावी, अशी सूचना आली. ती त्यांनी फेटाळली.

सामन्याच्या दिवशी अध्यक्ष काठी घेऊन आले आणि माझ्या गुडघ्यावर बोलले. हा गुडघा एका व्यक्तीचा नाही, वस्तीचा आहे, असं ते म्हणाले. सामन्याला बोलावलेल्या प्रमुख पाहुण्यांनी गुडघ्याला कुंकू लावलं आणि त्यावर अक्षता टाकल्या. हुडकेश्वरच्या पोरांनी, हा आमचा काही धार्मिक प्रकार असावा असं वाटून, हात जोडले. बाईही आल्या होत्या. त्या मागं उभ्या राहून, बोटानं हवेत रेष ओढून, मला रेषेची आठवण करून देत होत्या.

कप्तानानं पाठीवर थाप मारली. “जा. अन् पाहा बे, घाबरू नको.”

मी मध्यरेषा ओलांडली. माझं सगळं लक्ष डाव्या पायात होतं. बोटं सरळ, गुडघा बोटांवर, मांडी आवळलेली. उजव्या कोपऱ्यातला दांडगा पोरगा अंदाज घेत सरकला आणि माझ्या घोट्यावर झेपावला. मी डावा पाय रोवला आणि वळलो.

गुडघा वळला. मुकाट्यानं, पूर्वीसारखा, जणू मधे काही घडलंच नव्हतं. पोरगा माती धरून बसला. आमच्या बाजूनं आरोळी उठली, अध्यक्षांनी काठी वर केली, बाईंनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मी तिथं, दुसऱ्यांच्या अंगणात, डाव्या पायाकडे बघत उभा होतो. मला वाटतं, मी हसत होतो.

पंचांनी शिट्टी वाजवली आणि मला बाद दिलं. कबड्डी म्हणायचं मी वळायच्या आधीच थांबवलं होतं.

मी न लंगडता मैदानाबाहेर गेलो.