धुळीचे वैरी भाऊजी

धुळीला आमच्या भाऊजींपेक्षा जास्त भिणारा माणूस असलाच, तर तो जबलपुरात तरी राहत नसावा. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, इंजिनीअरिंग कॉलेजात विजेच्या विभागाचे प्राध्यापक. केसाच्या जाडीचे हजार भाग करून त्यातल्या एका भागात संसार थाटणारं त्यांचं शास्त्र, त्यामुळे धुळीचा कण त्यांना टेकडीएवढा दिसे. नेपियर टाउनातल्या घराच्या दारात त्यांनी प्रयोगशाळेतली चिकट चटई अंथरली होती. आई नागपूरहून पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या चपला चटईलाच चिकटल्या आणि ती अनवाणी पुढे गेली. भाऊजींना वाटलं, सासूबाईंना शास्त्र कळतं. ताईला पावडर बंद, उदबत्ती बंद, फोडणी गच्चीवर. पंगतीत कुणी "थोडा भात?" म्हटलं, की "थोडा म्हणजे किती?" असं ते अगदी मनापासून विचारत आणि वाढपी डाव हातात घेऊन तसाच उभा राही.

वर्षानुवर्षं अर्ज करून त्यांनी कॉलेजात एक धूळबंद खोली मिळवली होती. आत जायचं तर पांढरा झगा, टोपी, हातमोजे. तिथे सिलिकॉनच्या एका चकतीवर ते स्वतःची चिप घडवत होते. निवृत्तीला चार महिने उरले होते. ही चकती साधली तर साधली, दुसरी करायला वेळ नव्हता. हे आम्हां सगळ्यांना पाठ होतं, कारण ते दुसरं काही बोलतच नसत.

खोलीची दुसरी किल्ली शिपाई पांडेजींकडे असे. भला माणूस. आधी रिछाईच्या एका कारखान्यात होते, तिथे दसऱ्याला प्रत्येक यंत्राची पूजा व्हायची. त्या दसऱ्याला कॉलेज बंद होतं. पांडेजींनी नियमाप्रमाणे झगा चढवला, टोपी घातली, हातमोजे घातले आणि मग सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहिलं. चकती सगळ्यांत मोलाची, म्हणून तिला अक्षताही.

दुसऱ्या दिवशी भाऊजींना स्कूटरवरून सोडायला मीच गेलो होतो. त्यांनी काचेतून आत पाहिलं. शेजारी पांडेजी हौसेनं पेढे घेऊन उभे. मी म्हटलं, आता काही खरं नाही. भाऊजींनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "झगा पहना था?"

"जी साहब, टोपी भी."

"बहुत अच्छा," म्हणाले, आणि जाऊन वर्गावर तास घेतला.

चिप काही झाली नाही. निरोपाच्या भाषणात त्यांनी सगळ्यांत आधी पांडेजींचे आभार मानले, तेव्हा मला खरंच राग आला. परतताना मी विचारलं, तुम्ही त्याला एक शब्दही कसा बोलला नाहीत?

"काहून बोलू?" भाऊजी म्हणाले. "इतकी वर्षं मीच सगळ्यांना सांगून राहिलो, हळू चाला, पाय पुसा, हात लावू नका. त्या बिचाऱ्याला वाटलं, आत देव आहे. मलाही तेच वाटत होतं."