शिसवाची छिद्रं भरताना

माझ्या बायकोच्या हातांचं जे झालं ते देवीनं केलं नाही, मी केलं. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी तिला तुळजापूरला घेऊन गेलो.

परंड्यात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी गिटारी बनवतो. आधी दारं-चौकटी करायचो. पुण्याच्या एका वादकाची मोडकी गिटार दुरुस्त करून दिली आणि तिथून हा नाद लागला. गिटारीची पाठ नि बाजू शिसवाच्या. शिसव देखणं, पण त्याच्या अंगावर सुईनं टोचल्यासारखी बारीक छिद्रं असतात. ती न भरता पॉलिश केलं तर उजेडात सगळा पृष्ठभाग देवीचे व्रण उठल्यासारखा दिसतो.

ती कशानं भरायची, यात माझी बरीच वर्षं गेली. चपडीनं, म्हणजे लाखेच्या पॉलिशनं, भरली तर महिना जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात भरलेलं खाली बसतं. पाण्यात कालवलेली लांबी, म्हणजे पुट्टी, लावली तर काळ्या शिसवात राखाडी ठिपके उरतात. मग इपॉक्सीकडं वळलो, दोन रसायनं मिसळली की घट्ट होणाऱ्या राळेकडं. पहिल्यांदा झटपट वाळणारं आणलं, त्यात बुडबुडे अडकले. शेवटी सोलापूरच्या एका दुकानात पातळ, सावकाश वाळणारं मिळालं. जुन्या एटीएम कार्डानं दाबून पसरलं की ते छिद्रांच्या तळापर्यंत उतरायचं आणि लाकडाचा रंग पाणी मारल्यासारखा उठून यायचा. लाकडासाठी मी एवढा विचार केला.

डबा देताना दुकानदारानं बजावलं होतं. हे वरून वाळलं तरी आत बरेच दिवस कच्चं राहतं, थंडीत तर जास्तच. तोवर घासायचं नाही, कच्च्या भुकटीला उघडा हात लावायचा नाही. एकदा अंगाला बाधलं की जन्मभर बाधतं. मी मान हलवली.

घासायचं काम बायकोचं. तिचा हात हलका. पॉलिश पेपर मारून झाला की ती डोळे मिटून लाकडावरून तळहात फिरवायची, आणि जिथं हात थांबेल तिथं खळगा असायचाच. त्या थंडीत पुण्याच्या गिटारी द्यायला उशीर झाला होता. मी इपॉक्सीवर नख दाबून पाहिलं, खूण उठली नाही, तसं तिला घासायला सांगितलं. भुकटी चिकट लागतीय, हातमोजे आणा, असं ती म्हणाली होती. मोज्यातून तुला काय कळणार, असं मी म्हणालो. तिला ते कौतुक वाटलं. ती हसली आणि कामाला लागली.

आधी बोटांच्या बेचक्यात खाज आली. मी भांड्यांची पावडर बदलायला सांगितलं. मग पाण्याचे फोड आले, मग तळहाताला भेगा पडल्या. खोबरेल, कोरफड, मेडिकलमधलं मलम, सगळं झालं. शेडमध्ये दोन दिवस आली नाही की हात निवायचे, आली की पुन्हा फुटायचे. हे मी पाहत होतो. तिला भाकरी थापता येईना. मी विकतच्या पोळ्यांना नावं ठेवली तेव्हा म्हणाली, "मग गिटार खावा भाजून."

दुखणं हटेना तेव्हा तिच्या बहिणीनं कारण काढलं. माझी आई दर मंगळवारी पाच घरी जोगवा मागायची. ती गेल्यावर आमच्या घरातून ते बंद पडलं. देवीनं हात धरले, असं बहीण म्हणाली. बायकोला ते पटलं. तिनं मला विचारलं, "तुमाला काय वाटतं? जोगवा सोडला म्हणूनच झालं असंल नं?"

मी म्हणालो, असेल.

त्या एका शब्दानं माझी सुटका झाली होती. तुळजापूरला तिनं पट्ट्या बांधलेल्या हातांनी ओटी भरली. आई, चुकलं असंल तर पदरात घे, असं पुटपुटत ती रांगेतून सरकली. मी तिच्या मागंच होतो. परत आल्यावर तिनं जोगवा धरला. मंगळवारी परडी घेऊन बाहेर पडायची, आणि मी शेडच्या दारातून तिची पाठ बघत राहायचो.

एका मंगळवारी ती परतली आणि ओट्यावर बसून परडीतलं पीठ डब्यात ओतू लागली. पीठ तिच्या तळहाताच्या भेगांत भरलं होतं, बारीक पांढऱ्या रेघांनी. शिसवाची छिद्रं भरली की अशीच दिसतात, भुकटी पुसायच्या आधी.

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. दुकानदार काय बोलला होता ते, नखाचं, मोज्यांचं. आता तिनं त्या कामाला पुन्हा हात लावायचा नाही, हेही. तिनं परडी बाजूला ठेवली. 

"मग मी इतके मंगळवार कशाची माफी मागत हिंडले?"

"तुझं काहीच चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "माफी मी मागायला पाहिजे होती, तुझी. तुझे हात मी घालवले, वर दोषही तुझ्यावरच राहू दिला. मला माफ कर."