अंड्याचा खोकला, कोंबडीचा खोकला

औषधांच्या किमती तोंडपाठ असूनही त्या जन्मात कधी रुपयांत न सांगणारे डॉक्टर साऱ्या हिंदुस्थानात एकच झाले, आणि ते मुळशी तालुक्यात पौडला राहत. मी तेव्हा एका औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. बॅगेत नमुन्याच्या बाटल्या, गळ्यात टाय आणि तोंडात कंपनीने घोकून घेतलेलं भाषण, अशा थाटात महिन्यातून एकदा पुण्याहून एसटीने त्यांच्याकडे जायचो. शाळेतल्या पोराची कविता ऐकावी तसं ते माझं भाषण शेवटपर्यंत ऐकत आणि मग विचारत, "ते सगळं खरं हो, पण बाटली किती कोंबड्यांची?"

कारण डोंगरावरच्या वाड्यांतली माणसं औषधासाठी कोंबडीच विकून येत. म्हणून डॉक्टरांच्या कपाटात खालची फळी अंड्याची, मधली कोंबडीची आणि वरची बकऱ्याची. वरच्या फळीला हात घालायचा तर ते आधी उसासा टाकत आणि मग स्टूल घेत. रोगीही त्याच हिशेबाने बोलत. एकदा माझ्यासमोर एक म्हातारी छाती धरून म्हणाली, "डाक्टर, नीट बगा. खोकला अंड्याचा हाय का कोंबडीचा?" डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं. "अंड्याचाच आहे, आजी." "मंग लई न्हाई," म्हणत म्हातारी औषध घ्यायच्या आधीच निम्मी बरी झाली.

डॉक्टरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दवाखान्याचं दार लोटलं की मागच्या दोन खोल्यांत बोलायला भिंती तेवढ्या उरत. त्यामुळे हा सत्यवचनी माणूस एकाच बाबतीत बेधडक खोटं बोलत असे. मी घड्याळ पाहिलं की म्हणत, "बसा हो, यानंतर एक गाडी आहे." यानंतर गाडी नसे. शेवटची एसटी धुरळा उडवत गेली की ते लगबगीने चुलीवर पिठलं टाकत. पीठ आधीच कालवून झाकून ठेवलेलं असे! जेवताना बोलत, हात वाळेपर्यंत बोलत. मला राग येई, आणि पुढच्या महिन्यात मी पुन्हा फसत असे.

मग कंपनीने एक टॉनिक काढलं. भरपूर बाटल्या खपवील त्या डॉक्टरला रेडिओ बक्षीस. एकट्या माणसाला याहून मोठं आमिष कुठलं, म्हणून मी मोठ्या आशेने गेलो. डॉक्टरांनी चमचाभर टॉनिक चाखलं. "पेजेत गूळ घातला की असंच लागतं. आणि रेडिओ घेतला असता, पण लावला की त्यातून कोंबडेच आरवायचे."

इथवर हसण्यावारी गेलं. पण नंतर कंपनीने ठरवलं, मागणी न देणाऱ्या गावाला प्रवासखर्च नाही. मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, "निदान एक डझन टॉनिक घ्या. नाहीतर माझं येणं बंद होईल."

ते हसले नाहीत. मागणीचा कागद पुढे ओढून त्यांनी पेन उघडलं. "बाटलीला दोन कोंबड्या," स्वतःशीच म्हणाले. पेन कागदावर टेकलंसुद्धा. मग त्यांनी सावकाश टोपण लावलं.

"तुम्ही येता ते मला फार आवडतं. महिनाभर वाट बघतो मी," ते म्हणाले. "पण माझ्या गप्पांपायी वाडीतल्या चोवीस कोंबड्या विकायला लावू?"

आतल्या खोलीत चुलीपाशी पिठाचं भांडं झाकून ठेवलेलं दिसत होतं. मी सवयीने घड्याळ पाहिलं, आणि त्या दिवशी त्यांनी मला फसवावं असं फार फार वाटलं. डॉक्टरांनी माझी बॅग उचलून माझ्या हातात दिली.

"निघा आता," ते म्हणाले. "यानंतर गाडी नाही."