शंभर मोजेपर्यंत

लातूरच्या ज्या थांब्यावर मी रोज उदगीरच्या बसची वाट बघतो, त्या थांब्याच्या कामावर तो ओव्हरसियर होता. नाव मी कधी विचारलं नाही. कुठलीही जागा बघायला आला की तो आधी चपला काढायचा आणि अनवाणी उभा राहून शंभरपर्यंत मोजायचा.

"टेपनं लांबी कळती सर, गारवा न्हाई," तो म्हणायचा. "हितं अनवाणी म्हातारी बी हुबी राहती."

त्याच्या नकाशात थांब्यावरचा कडुनिंब तसाच होता, भोवती मातीचा पार. वरून दुसराच नकाशा आला: कडुनिंब तोडा, उंच पत्रा घाला, काळी फरशी बसवा. त्यानं त्याच नकाशाप्रमाणे काम सुरू केलं. मला त्याचा रागच आला.

उद्घाटन मे महिन्यात, दुपारी. नारळ फोडायला पाहुण्यांनी चपला काढल्या आणि फरशीवर पाय टेकताच उड्या मारत बाजूला अंथरलेल्या सतरंजीवर पळाले.

"ओव्हरसियर, तुम्हीच फोडा हो!" त्यांच्यातला एकजण हसत म्हणाला.

त्यानं चपला काढल्या, नारळ फोडला. सांडलेलं पाणी बघता बघता वाळलं. तो मात्र तिथंच उभा राहिला, ओठ हलवत.

"अहो, सावलीत सरका!" मी ओरडलो.

त्यानं मागं बोट दाखवलं. पत्र्याची सावली पार पलीकडं गटारावर पडली होती.

शंभर झाले तसा तो शांतपणे चालू लागला. काळ्या फरशीवर त्याच्या तळव्यांची कातडी चिकटून राहिली होती.