सवडीनं रिकामी करायची खोली

आमच्या घरमालकांनी मला खोली सोडायला एकदाही सांगितलं नाही, हे आधीच स्पष्ट करते. कुणी त्यांच्याबद्दल गैरसमज करून घेऊ नये. ते सज्जन आहेत, आणि सज्जन माणूस ‘जा’ म्हणत नाही. आमच्या भागात घरातून बाहेर पडणाराही ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. मग भाडेकरूला तोंडावर ‘जा’ कसं म्हणायचं? त्यासाठी वेगळा शब्द आहे. सवडीनं.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. खोली शिरूरच्या कडेला, कॉलेजपासून चालत जाण्याजोगी. आमचं गाव दौंड तालुक्यात, पाटसच्या पलीकडं. तिथून रोज ये-जा करायची म्हणजे वर्गात पोचेपर्यंत परतीची यष्टी लागलेली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं वडिलांनी एकच अट घातली होती. ओळखीच्या घरात राहायचं. तिथं काही बिनसलं तर दुसरी खोली शोधत हिंडायचं नाही, गाठोडं बांधून घरी यायचं आणि शिक्षण तिथंच थांबवायचं.

आप्पा, म्हणजे आमचे घरमालक, वडिलांना म्हणाले होते, “परीक्षा हुईस्तवर निवांत राहू द्या. पोर आमच्या घरचीच हाय. कागदबिगद कशाला?” वडिलांचे डोळे भरून आले. माझेही आले. घरच्या माणसाला कागद लागत नाही, आणि कागद नसला की घरच्या माणसाला कधीही उठवता येतं, हा दुसरा अर्थ आम्हाला दोघांनाही तेव्हा लागला नाही. आम्हाला शिकायचं होतं अजून.

दिवाळीनंतर आप्पा विकास सोसायटीच्या निवडणुकीला पॅनेल घेऊन उभे राहिले. पॅनेलला कार्यालय लागतं. कार्यालयाला रस्त्याच्या बाजूचं दार लागतं. तसं दार घरात एकच होतं, आणि त्याच्या आत मी होते.

पहिल्यांदा ते स्वतः चहा घेऊन आले. पुरुषमाणसानं भाडेकरूसाठी कपबशी हातात धरून यावं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

“अभ्यास बरा चाललाय ना बाळा?”

“व्हय आप्पा.”

“हितं गाड्यांचा लय आवाज येत असंल.”

“न्हाई, सवय झाली.”

“आमच्या मेव्हण्याची खोली हाय बघ. हवेशीर. म्होरं सगळं रान.”

“कुठं?”

“कवठ्याला.”

“कवठे येमाई? आप्पा, तिथनं कॉलेज कसं गाठायचं?”

“यष्टी हाय की.”

“कवा असती?”

“असती की कवातरी.” त्यांनी खोलीच्या चारी भिंतींवरून नजर फिरवली. त्यांना तिथं बॅनर दिसत असावेत. “तसं काय न्हाई. सवडीनं बघ.”

आता माझी चूक सांगते. आमच्या घरी आई खुरपणीच्या बायकांना ‘सवडीनं या गं’ म्हणायची आणि त्या खरंच दोन दिवसांनी यायच्या. सवडीनं म्हणजे सवड मिळाल्यावर, एवढंच मला ठाऊक. त्यामुळं दुसऱ्या दिवशी मी घरापुढच्या ओट्यावर जाऊन प्रामाणिकपणे सांगितलं, “आप्पा, मी विचार केला. मला सवड परीक्षेनंतर हाय.”

आप्पांनी तोंडातला चहाचा घोट गिळला. “बरं,” म्हणाले.

त्यानंतर घरचेपणा वाढला. झेंड्यांचे गठ्ठे माझ्या कॉटखाली आले, कारण घरच्या माणसाची अडचण नसते. पत्रकं खिडकीत आली. एक कार्यकर्ता दार ढकलून आत यायचा आणि “ताई, चहा मिळंल का?” विचारायचा. कर्ण्याची चाचणी माझ्या दारातच व्हायची, आणि मी अर्थशास्त्र वाचत असताना ‘शिकंल त्याचंच राज्य’ असं मला बाहेरून जोरात बजावलं जायचं. एवढं प्रोत्साहन आमच्या सरांनीही कधी दिलं नाही. आप्पांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, मात्र मला रोज मिळणारी भाजीची वाटी बंद केली आणि मला पाहून पाण्याच्या मोटारीचं बटण बंद करायलाही त्या शिकल्या.

तरी मी हलत नाही म्हटल्यावर आप्पांनी वडिलांना फोन केला. पोरीला सवडीनं न्या म्हणाले. वडिलांना त्या शब्दाचा अर्थ बरोबर कळला. ते दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाले.

ओट्यावर पॅनेलची माणसं बसलेली, शेजारच्या मावशी कोपऱ्यात गवार मोडत होत्या. आप्पांनी वडिलांचा हात धरून त्यांना सतरंजीवर बसवलं. “या पाहुणं. घर तुमचंच हाय.” वडील टोपी हातात घेऊन बसले. त्यांनी माझ्याकडं न बघता हळूच सांगितलं, “आवर. न्याहारीच्या आत निघू.”

मी आत जाऊन पुस्तकं पिशवीत भरायला लागले. अर्धी भरली आणि थांबले. मला भांडायचं नव्हतं, भांडता येतही नाही. मला फक्त एक गोष्ट विचारायची होती. ती विचारली नाही तर बी.ए. त्या पिशवीत संपणार होतं. मी ओट्यावर आले.

“आप्पा, तुम्ही सवडीनं म्हणला होता. माझी सवड मी सांगितली. तुम्हाला आजच खोली पाह्यजे असंल तर तसं म्हणा. ‘आज जा’ म्हणा. मी लगेच जाते.”

“आगं, जाते काय म्हंती? येते म्हण,” मावशी ओरडल्या.

“येणार न्हाई मी परत, मावशी. मग येते कसं म्हणू?”

वडिलांनी टोपी घातली, परत काढली. आप्पांनी माणसांकडं पाहिलं. माणसं आप्पांकडं बघत होती. सगळी मतदार.

मावशींनी गवारीची शेंग कट्कन मोडली. “म्हणा की आप्पा. दोन शब्द तर हायेत.”

“येडी का काय तू!” आप्पा माझ्याकडं बघून एकदम हसले. “लेकीला कुणी जा म्हणतं व्हय? पाहुणं, मी म्हणलो का? म्हणलो का कवा?”

“न्हाई, तसं न्हाई म्हणलात,” वडील घाईनं म्हणाले.

“मंग! परीक्षा हुईस्तवर हलायचं न्हाई. माझ्या गळ्याची आण.” मग ते कार्यकर्त्यांकडं वळून म्हणाले, “गरिबाच्या पोरी शिकल्या पाह्यजेत, काय?” सगळ्यांनी माना हलवल्या. ओट्यावर टाळ्याही झाल्या. माझ्या शिक्षणासाठी एवढी माणसं झटतायत हे मला त्याच दिवशी कळलं.

दुपारपर्यंत काकूंच्या बैठकीच्या खोलीचं, टीव्हीसकट, कार्यालय झालं. काकू त्यानंतर माझ्याशी बोलल्या नाहीत.

वडिलांना यष्टीला सोडायला मी स्टँडपर्यंत गेले. गावाकडं जाणारी चौफुल्याची गाडी लागलेली होती. ते चिडले असतील असं वाटत होतं. चारचौघांत मी बोलले होते, तेही त्यांच्यादेखत. ते खिडकीशी बसले.

“परीक्षा कवा संपती?”

“एप्रिलात, आण्णा.”

“मंग तवर मी काय न्यायला येत न्हाई,” ते म्हणाले, आणि कंडक्टरसाठी खिशात सुट्टे शोधायला लागले.