हिरवा रिपोर्ट
डेटॉलचा वास आला की मला परळच्या बंद गिरणीतलं आमचं ऑफिस आठवतं. कोडचा किती भाग टेस्टने तपासला जातो, याचा रिपोर्ट काढायची कमांड मी लिहिली होती. आधी सगळ्या टेस्ट चालायच्या, मग रिपोर्ट निघायचा. त्यात पाऊण तास जायचा. सगळे कटकट करायचे, म्हणून मी 'आधी टेस्ट चालव' असं सांगणारी ओळच उडवली. रिपोर्ट चुटकीसरशी येऊ लागला, रोज हिरवागार, म्हणजे सगळं ठीक, आणि साहेबांनी माझी पाठ थोपटली. आठवड्याने टेस्टिंगमधल्या मित्राने मुद्दाम एक टेस्ट मोडली आणि भर मीटिंगमध्ये माझी कमांड चालवली. तरी हिरवंच. "अरे, गेल्या आठवड्याचे शिळे आकडे आहेत हे! येड्यात काढतोस काय आम्हाला?" तो हसला, मग सगळेच हसले. मी स्टीलची बाटली उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली. भुवई फाटली, रक्त कीबोर्डवर ठिबकलं, तरी मी पुन्हा हाणली. तिसऱ्या वेळी म्हाताऱ्या वॉचमनने माझा हात पिरगळला. ह्याच गिरणीतली त्याची नोकरी गिरणी कामगारांच्या संपात गेली होती. "आमी पण हय डोकी फोडली, पण पोटासाठी," तो मालवणीत ओरडला, "तू कित्याक फोडतस?" मी बाटली सोडली. हॉस्पिटलात टाके पडल्यावर मित्राने एवढंच विचारलं, "ती ओळ परत टाकलीस ना रे?" मी हो म्हटलं. तेही खोटंच होतं, हे आज पहिल्यांदा सांगतोय.