करीमचाचांचा डावा पाय

करीमचाचांच्या नांदेडच्या गॅरेजात बसलं की एक किस्सा संपायच्या आत दुसरा सुरू होतो आणि चहा गार होतो. किस्से शोधावे लागत नाहीत. दत्तराव आणि त्यांची लाल स्पोर्ट्स कार एवढं पुरतं. दत्तराव उमरीचे शेतकरी, चाचा एकेकाळचे ट्रक ड्रायव्हर आणि आता मेकॅनिक, आणि मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारा. तिघांचं वेड एकच, हाताने गिअर टाकायची गाडी!

*

दत्तरावांचा जन्म ट्रॅक्टरवर गेलेला. त्यांनी ही दोन सीटची गाडी सेकंडहँड आणली, तिला सहा गिअर. पहिल्यांदा गॅरेजात आले तेव्हा इंजिन असं किंचाळत होतं की चाचा हातातला पाना टाकून बाहेर धावले.

"कितव्या गिअरमध्ये आणली?"

"तिसऱ्यात. उमरीपासून."

"अन् पुढचे तीन कामून हायत मग?"

"ते शिल्लक ठेवलेत चाचा. अडीअडचणीला लागतील!"

*

चाचांची शिकवायची रीत न्यारी. शेजारी बसायचं आणि डोळे मिटायचे. गिअर बदललेला त्यांना कळता कामा नये. हिसका बसला की चाचा डोळे उघडणार, आणि डोळे उघडले की तुम्ही नापास!

एकदा दत्तराव चालवत होते. लोह्याला चहासाठी थांबलो तेव्हा त्यांनी अदबीने विचारलं, "चाचा, झोप झाली का?"

"झोपू कुठं देऊन राहिलास बाबा!"

*

आता माझी फजिती. खालचा गिअर टाकताना इंजिनचा वेग थोडा वाढवावा लागतो, नाहीतर गाडी हिसका देते. म्हणून उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक धरायचा आणि त्याच पायाच्या टाचेने अ‍ॅक्सिलरेटरला टिचकी मारायची. हे सगळं मी चाचांना कागदावर आकृती काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चावी माझ्या हातात दिली.

पहिल्याच चौकात माझा बूट दोन्ही पेडलांवर आडवा पडला. गाडी जागची हलेना, डरकाळ्या मात्र फोडतेय! ट्रॅफिक हवालदार काचेशी आला.

"सर, जायचंय का भांडायचंय?"

चाचा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "फिजिक्स वरी डोक्यात हाय सायेब. पाय खाली हायत."

*

देगलूरच्या एका व्यापाऱ्याने नवी कोरी ऑटोमॅटिक गाडी आणली आणि कौतुकाने चाचांना चालवायला दिली. चाचांचा डावा पाय सवयीने तिथे नसलेला क्लच शोधायला गेला आणि जोरात ब्रेकवर बसला. शेठजी डॅशबोर्डच्या गळाभेटीला!

चाचा खाली उतरले, चावी परत केली. "गाडी लई गुणाची हाय शेठ. पण ह्या पायाला काय सांगू?"

*

पुढे त्याच पायाचा गुडघा गेला. चाचांची मुलगी नसरीन लातूरला फिजिओथेरपिस्ट आहे. तिने फोनवरच बजावलं, "अब्बा, क्लच अजिबात दाबायचा नाही."

जो तो म्हणाला, ऑटोमॅटिक घ्या. चाचा मात्र स्टुलावर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे गिअर नुसते ऐकायचे. खरं सांगतो, मला ते बघवत नव्हतं. हा माणूस पुन्हा स्टिअरिंगवर बसणार नाही, हे काही केल्या पटत नव्हतं.

गुडघा दाखवायला त्यांना लातूरला न्यायचं होतं. दत्तरावांनी लाल गाडी काढली, मी माझ्या गाडीतून मागे. चाकूरच्या पुढे मोकळा उतार लागला तशी पुढची गाडी थांबली. दत्तराव उतरले आणि चाचा लंगडत जाऊन त्यांच्या जागी बसले.

"सर, या. जरा धक्का मारू लागा," चाचांनी खिडकीतून हाक दिली.

"बंद पडली?"

"न्हाई, चालूच हाय. तुम्ही मारा तर!"

इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि आम्ही दोघं मागून ढकलतोय. उभी गाडी क्लचशिवाय गिअरमध्ये पडत नाही, म्हणून हा धक्का. गाडीने वेग धरला. चाचांनी इंजिनचा आवाज कानात घेतला, अ‍ॅक्सिलरेटर हलकेच धरला, सोडला, आणि नेमक्या क्षणी दोन बोटांनी गिअर आत सरकवला. डावा पाय जागचा हलला नाही. खर्र नाही, हिसका नाही! मग दुसरा, मग तिसरा, सगळं नुसतं कानावर. चालत्या गाडीत क्लच न दाबता गिअर टाकायचा, ही जुन्या ट्रकवरची विद्या. पाठलाग करायला आम्ही दोघं माझ्या गाडीकडे पळताना बघितलं, दत्तरावांच्या डोळ्यांना धार लागली होती. माझीही तीच गत.

लातूरच्या सिग्नलला पुन्हा उतरून ढकललं. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "एवढी भारी गाडी, अन् ढकलून राहिलेत?"

नसरीन दवाखान्याच्या फाटकातच उभी होती. अब्बांना स्टिअरिंगवर बघून तिचा पारा चढला.

"अब्बा! मी काय सांगितलं होतं?"

चाचांनी गिअर काढला, ब्रेक लावला, सावकाश चावी फिरवली.

"क्लच दाबू नको म्हनलीस, न्हाई दाबला. इचार ह्या दोघांना. चालवू नको कवा म्हनलीस, बेटी?"